बांधावरची निळी स्लिपर

"चप्पल काढ आधी! माती म्हंजे लक्ष्मी, तिच्या अंगावर चप्पल घालून उभी ऱ्हातीस व्हय?" शालनबाई ओरडली.

"न्हाई काढणार! डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय." तिची पोरगी सायली, तीपण तेवढ्याच जोरात. तिच्या डाव्या पायात मी होते.

मित्रांनो, मी एक जुनी निळी स्लिपर आहे. चाकणजवळ कंपनीच्या भिंतीला लागून यांचा मेथीचा मळा आहे. घरची रीत अशी, की चप्पल बांधावर काढायची, मगच मळ्यात उतरायचं. दोन वर्षं मी बांधावर ऊन खात पडले. पण दिसत होतं ना मला! पलीकडच्या चाळीत चाळीस खोल्यांना दोन संडास. मग माणसं पहाटे मळ्याच्या कडेलाच बसणार. त्या घाणीत जंतांची अंडी. ओल्या मातीत त्यातून बारीक अळ्या निघतात आणि अनवाणी पायातून आत शिरतात. सायलीच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटायची, ती माझ्याच पट्ट्यावर पाय घासायची. माझं डोकं फिरायचं, पण स्लिपरला कुठलं तोंड!

अळ्या रक्तातून फिरत आतड्यात पोचल्या. तिथं मोठ्या झाल्या, चिकटल्या आणि रक्त प्यायला लागल्या. रक्ताबरोबर लोह गेलं. लोहच नाही तर नवं रक्त बनणार कशाचं? पोलीस भरतीसाठी पळणारी सायली अर्ध्या ग्राउंडवर खाली बसली. आई म्हणायची, "कामचुकार झालीय नुसती." तीन महिने लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, तरी रक्तातलं हिमोग्लोबिन सातच्या वर जाईना. शेवटी डॉक्टर रश्मींनी शौचाची तपासणी करायला लावली. जंत निघाले. "जंतांची गोळी घे, लोहाची चालू ठेव. अनवाणी उतरलीस तर पुन्हा तेच."

भरती दोन महिन्यांवर आलीय. म्हणून हे भांडण.

"आमी जन्मभर अनवाणी राबलो. आमाला काय झालं?" म्हणत शालनबाई जुडी उचलायला वाकली आणि धापा टाकत मटकन बसली.

सायली तिच्याजवळ बसली. तिनं आईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत पांढरंफटक.

"कधीपासून दम लागतोय?"

"दिवाळीपासनं. तुझी भरती, त्यात माझं कुठं सांगू?"

सायलीनं बांधावर चढून मला नि माझ्या उजव्या जोडीदारणीला काढून आईपुढं ठेवलं. "तू घाल. न्हाईतर मीबी अनवाणी उतरते. भरती गेली खड्ड्यात."

शालनबाईनं मातीला हात लावून कपाळाला लावला. "माफ कर गं बाई," पुटपुटली. मग सायलीला म्हणाली, "तू बांधावरच थांब. एवढी मेथी काढते, मग जाऊ दवाखान्यात."

मित्रांनो, माझ्यासारखीला बांधावर सोडून मळ्यात उतरू नका, एवढंच... आई गं, टाच केवढी भेगाळलीय हिची! पाय आत आला. निघते, आता जायलाच पाहिजे.