समासात गेलेलं बटण

मित्रांनो, मला बघून हसू आलं तर खुशाल हसा. मी पुठ्ठा आहे. दोन कोपरे दुमडलेले, मधोमध चहाच्या कपाचा गोल डाग, आणि अंगभर काळ्या शाईने काढलेले चौकोन. प्रत्येक चौकोनात एकेक अक्षर. चार वर्षं या शाळेत सगळे मला कीबोर्ड म्हणत होते. मीही कधी 'नाही' म्हटलं नाही. पुठ्ठ्याला कोण विचारतं म्हणा!

त्याआधी मी खोकं होतो. माझ्या पोटात एक संगणक होता, पांढऱ्या फोममध्ये तान्ह्या बाळासारखा गुंडाळलेला. जहाज, मग ट्रक, मग हातगाडी असा प्रवास करत आम्ही दहा खोकी या शाळेच्या व्हरांड्यात आलो. माझ्या पाठीवर चार भाषांत काहीतरी छापलं होतं आणि वर जाणारा एक लाल बाण होता. तो अजून आहे. म्हणजे नात्याने मी संगणकाचा अगदी जवळचा. पण नातं काय करायचं? त्याला आत नेलं आणि मला बाहेर ठेवलं.

आतली खोली मोठी सुरेख सजवली होती. निळे पडदे, नवी टेबलं, दारावर फलक : 'उद्याच्या जगासाठी सज्ज शाळा'. प्रत्येक संगणकाला मापाचं कव्हर शिवून घेतलं. मग फीत कापली, टाळ्या झाल्या आणि खोलीला कुलूप लागलं. चावी भाऊसाहेबांकडे, म्हणजे शाळेच्या कारकुनांकडे गेली. भाऊसाहेब ती शर्टाच्या आतल्या खिशात ठेवत.

"मुलांना बसू द्यायचं ना आत?" चित्रकलेच्या सरांनी विचारलं.

"मुलं हात लावतील की हो!"

"हात लावायलाच आणलेत ना ते?"

"आणि बिघडले तर उत्तर कोण देणार? तुम्ही?" भाऊसाहेबांनी खिसा चाचपला.

संगणकाचा विषय चित्रकलेच्या सरांच्या गळ्यात पडला होता, कारण त्यांचे तास रिकामे होते. सरांनी स्वतः संगणक कधी चालू केला नव्हता. पण माणूस प्रामाणिक आणि हाताने फार नेटका. त्यांनी व्हरांड्यातली खोकी आत आणली, पट्टीने आखून कापली आणि पाठ्यपुस्तकातल्या नवव्या पानावरचा कीबोर्ड माझ्यावर उतरवायला घेतला. मी पहिला.

आता सरांचा एक नियम होता. समास सोडल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही. चारही बाजूंनी दोन बोटं समास, आणि त्यात वेलबुट्टी. गेली वीस वर्षं त्यांनी मुलांना हेच शिकवलं होतं. माझ्यावरही त्यांनी आधी वेल काढली. इतकी देखणी, की पानांच्या शिरासुद्धा दिसाव्यात. मग डावीकडून बटणं काढत निघाले. उजव्या टोकाला येईपर्यंत जागा संपली. एंटर कसंबसं बसलं, चिमटून, कडेला लटकल्यासारखं. त्याच्या वरचं बॅकस्पेस काही बसेना.

भाऊसाहेब खांद्यावरून बघत होते. "एक राहिलं की सर."

"राहू द्या. एवढ्या बटणांत एकाने काय बिघडतंय?"

आणि मग माझ्यावरून छापा घेऊन त्यांनी आणखी चव्वेचाळीस पुठ्ठे केले. चव्वेचाळीस वेली, आणि चव्वेचाळीस वेळा तेच बटण गायब.

तास मात्र दणक्यात होत. सर टाळी वाजवत, "डावी करंगळी! बोटांकडे बघायचं नाही! जोरात दाबा!" पंचेचाळीस पुठ्ठ्यांवर बोटं पडत आणि कोंबड्यांनी दाणे टिपावेत तसा आवाज होई. कुणी चुकत नसे. पुठ्ठ्यावर काय उमटलं ते दिसतच नाही, मग चुकणार कुठून?

मी जिच्या वाट्याला आलो होतो, तिला सगळे टकटक म्हणत. खिडकीजवळचा दुसरा बाक. ती डब्याच्या झाकणावर टाइप करायची, भिंतीवर करायची, पुढच्या मुलीच्या पाठीवर करायची.

"ए टकटकबाई, काय लिहिलंस माझ्या पाठीवर?"

"तुझी सगळी गुपितं. आता वर्गाला पाठ दाखवू नकोस."

तिची आई कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. ते शर्ट कुठल्या कुठल्या देशांत जायचे. संगणकांची कव्हरंही तिनेच शिवली होती. गंमत बघा, आईने त्या संगणकांचं माप घेतलं होतं आणि लेकीने त्यांना अजून पाहिलंही नव्हतं. मग कारखान्यात कॉलर लावणारं यंत्र आलं आणि आईच्या रांगेतल्या बारा बायकांपैकी चारच उरल्या. आई अजून त्या चौघींत होती. 'अजून' हा शब्द टकटक घरून शिकून आली होती.

एकदा दोन पाहुणे आले, सोबत फोटोवाला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिका बाईंनी, त्यांना सरळ आमच्या वर्गात आणलं. पाहुण्यांनी मला उचललं, उलटंपालटं केलं. "वा! विजेशिवाय संगणक! केवढी कल्पकता!" फोटो निघाला. महिन्याभरात शाळेला 'कल्पक शाळा' असं बक्षीस मिळालं. मोठ्या बाई हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, "बघा, पुठ्ठ्यावर सगळं होतंय. मग खोली उघडायची घाई कशाला?"

मित्रांनो, माझं आयुष्यात एवढंच कौतुक झालं, आणि त्या कौतुकाने कुलूप आणखी घट्ट केलं. तेव्हा मला काही वाटलं नाही. आताही वाटतं असं नाही. फक्त आठवतं.

दहावीच्या वर्षी एका प्रशिक्षण संस्थेची परीक्षा आली. दोन वर्षं शिक्षण, राहणं-खाणं त्यांचं, आणि मग देशोदेशीच्या कंपन्यांचं काम. दहावीच्याच मुलांना, एकदाच बसता येतं. पहिली फेरी टायपिंगची : समोरचा उतारा दहा मिनिटांत उतरवायचा. अख्ख्या शाळेतून टकटकचंच नाव गेलं. दुसरं कुणाचं जाणार? शाळेच्या लेखी पेपरात तिला पैकीच्या पैकी होते. 'बॅकस्पेसचे कार्य लिहा' या प्रश्नालासुद्धा. 'मागील अक्षर खोडणे.' एक गुण.

आदल्या संध्याकाळी आईने तिची बोटं हातात घेतली. मी तिथेच, जेवणाच्या ताटाशेजारी होतो. "माझ्या बोटांना सुई कळते," आई म्हणाली, "तुझ्या बोटांना हे कळू दे. बाकी काही नको."

परीक्षेला तिने मला दप्तरातून नेलं, पण दप्तरं बाहेर ठेवायची होती. त्यामुळे आत काय झालं ते मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात तिने सरांना सांगितलं, तेव्हा ऐकलं. ती रडत नव्हती. बसची वेळ सांगावी तसं सांगत होती.

"पहिलं अक्षर दाबलं सर. जोरात, तुम्ही सांगता तसं, आणि बोट तसंच दाबून ठेवलं. तर ते ओळभर पळत सुटलं. एकच अक्षर, तीस-चाळीस वेळा."

"मग खोडायचं ना!"

"कुठून?"

सरांनी हातातला खडू खाली ठेवला.

"बॅकस्पेस हे नाव माहीत होतं. तिथल्या बटणावर नाव नव्हतं, नुसता बाण होता. मला वाटलं, बाण म्हणजे इकडेतिकडे जायचं बटण. मी बोट वर केलं, तर तिथल्या बाई म्हणाल्या, यंत्राबद्दल काही विचारायचं नाही. चार मिनिटं शोधलं. मग तसंच पुढे टाइप केलं. एकही चूक केली नाही सर, शपथ. पण त्यांचं यंत्र एकेक अक्षर जागेवर मोजतं. माझं सगळंच सरकलं होतं."

"किती आलं बरोबर?"

"काहीच नाही."

सरांनी मला बाकावरून उचललं. उजव्या टोकाला वेलीवर अंगठा ठेवला. "आई काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"जेवलीस का म्हणाली."

पुढचे काही दिवस वर्गातून एक आवाज कमी झाला होता. ती मला बाकावर ठेवायची आणि हात मांडीवर. कुणी 'टकटक' म्हणून हाक मारली की वळून बघायची, एवढंच. मीही पडून असायचो. आमचं दोघांचं त्या दिवसांत चांगलं जमलं. दोघांनाही काही होत नव्हतं.

मग एका सकाळी मोठ्या बाईंचा निरोप आला : बक्षीस मिळालेला पुठ्ठा काचेच्या फ्रेममध्ये लावून शाळेच्या दाराशी टांगायचाय, घेऊन ये.

टकटक उठली. मला काखेत मारलं आणि निघाली. सर मागून आले.

"ये, ये," बाई म्हणाल्या. "हाच ना तो फोटोतला? जरा पुसून घे गं."

"हो बाई. पण आधी तुमचं नाव टाइप करा ना याच्यावर."

बाईंना मजा वाटली. त्यांनी चष्मा सावरला आणि एका बोटाने, अक्षरं शोधत, नाव टाइप केलं.

"छान. आता शेवटचं अक्षर चुकलं समजा. खोडा."

बाईंचं बोट माझ्यावर फिरलं. वरची ओळ, मधली, पुन्हा वरची. मग वेलीवरून गेलं आणि माझ्या कडेवरून खाली उतरलं. टेबलाच्या काचेवर टेकलं आणि तिथेच राहिलं.

"कुठंय गं?"

"समासात गेलं," सर दारातून म्हणाले. "माझ्याकडून."

मोठ्या बाई वाईट नव्हत्या, मित्रांनो. संगणक दहा, मुलं साडेचारशे. एखादा बिघडला तर दुसरा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, म्हणून त्या जपत होत्या. बोट न उचलता त्यांनी टकटककडे पाहिलं. तिच्या परीक्षेचं त्यांना कळलं होतं, पण कसं ते आत्ता कळत होतं.

"भाऊसाहेब, चावी द्या," त्या शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाल्या.

"पण बाई, बिघडले तर उत्तर..."

"मी देईन. हिला एक उत्तर द्यायचं राहिलंच आहे, त्यात आणखी एक."

कुलूप गंजलं होतं, तेल घालावं लागलं. आईने शिवलेली कव्हरं अजून कोरी करकरीत होती. दहापैकी तीन संगणक चालूच झाले नाहीत. कुणी हात न लावताच बिघडले होते. भाऊसाहेब त्यांच्याकडे बघत राहिले आणि रिकामा खिसा चाचपत राहिले.

टकटक खिडकीजवळच्या संगणकापुढे बसली. एक अक्षर दाबून धरलं. ते ओळभर पळालं. मग तिने तो बाण शोधला आणि दाबला. एकेक करत सगळी अक्षरं मागे मागे येऊन नाहीशी झाली. तिने पुन्हा ओळ भरली, पुन्हा खोडली. तास संपेपर्यंत ती फक्त चुकत होती आणि खोडत होती. मागे नववीची मुलं रांगेत उभी होती. त्यांच्यातलं कुणीही "आवर लवकर" म्हणालं नाही.

तिची जागा गेली ती गेली. दहावीची परीक्षा संपली की ती आईबरोबर कारखान्यात धागे कापायला जाणार आहे. सुट्टीपुरतं, मग बघू, असं आई म्हणते. आई अजून त्या चौघींत आहे.

मला फ्रेममध्ये लावलं नाही. सरांनी माझ्या समासात, वेल तोडून, ते बटण काढलं. आता मी सात नंबरच्या संगणकापाशी माउसखाली असतो. दिवसभर पोरं माझ्यावरून माउस फिरवतात, मी झिजतो आहे. बरं वाटतं का, असं विचाराल, तर पुठ्ठ्याला वाटत नसतं.

पण एक सांगतो, मित्रांनो. तुमच्या हातात उद्या कुणी कौतुकाने एखादा पुठ्ठा दिला आणि म्हणालं, हेच ते जग, यावर शिक, तर शिका. फक्त पहिल्याच दिवशी विचारा, खोडायचं बटण कुठंय? आणि नसलं, तर बक्षिसाची वाट बघू नका. चावी कुणाच्या खिशात आहे ते तुम्हाला ठाऊक असतंच. जाऊन मागा.