घोडीमागचा सूर

"वाजवत कुणीच नसतं, एमेट. मी स्वयंपाकघरात, गिटार कोपऱ्यात. तरी वाजते." व्हर्नेल टिब्सने नवऱ्याच्या गिटारची पेटी बाकावर ठेवली. हातमोजे काही काढले नाहीत.

डेट्रॉइटमधल्या एमेटच्या दुरुस्तीच्या दुकानात दर शनिवारी सकाळी रॉस्को आणि डेल कॉफी प्यायला येत. दोघांनी मिळून दहा वर्षांत एक चाल धड शेवटापर्यंत वाजवली नव्हती, पण नुसत्या स्क्रूवरून गिटारचं जन्मसाल सांगत.

"ओटिसला वर बरी गिटार मिळाली नसेल," रॉस्को म्हणाला.

"गप रे लेका," डेल पुटपुटला.

"केव्हा वाजते?" एमेटने विचारलं.

"जेवायला हाक मारली की." ती अडखळली. "सवय जात नाही रे. 'ओटिस' म्हटलं, की कोपऱ्यातून बारीक उत्तर येतं. एप्रिलपासून. त्या घरात आता राहवत नाही. मी टोलेडोला बहिणीकडे चाललेय, कायमची. ही तू ठेव."

एमेट वीस वर्षं ही अठ्ठेचाळीस सालची गिटार ओटिसकडे मागत होता. वीस वर्षं ओटिस हसून नाही म्हणत होता.

पण एप्रिल म्हटल्यावर त्याचा हात पेटीवरच थबकला. ओटिस मार्चमध्ये गेला. त्यानंतर गिटार पुसायला इथंच आली होती, आणि एमेटने जुन्या गिटारींचा वेडा माणूस करतो तेच केलं होतं: कारखान्यातून जे आलं नव्हतं, ते सगळं उपटून काढलं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीमागच्या तारांत विणलेली, दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची मळकी निळी पट्टीसुद्धा. तारांची ती आखूड टोकं आपोआप झणकू नयेत म्हणून वाजवणारे तिथं काहीबाही अडकवतातच. हे एमेटला ठाऊक होतं. पण पट्टी मूळची नव्हती ना!

गप्प बसलं असतं तर गिटार त्याचीच होती. त्याने डब्यातले स्क्रू विनाकारण दोनदा मोजले. मग खणातून एक पाकीट काढलं. वर लिहिलं होतं, 'टिब्स. परकं सामान.'

"भूत नाही, व्हर्नेल. माझा शहाणपणा. तू हाक मारतेस, तारा झणकतात. ही परत बसवली की थांबेल."

तिने पट्टी खिडकीशी नेली, उलटी केली. कडेला पिवळ्या दोऱ्याचे टाके होते.

"ही तर माझी ईस्टरला चर्चमध्ये घालायची टोपी."

तिने टाक्यांवरून बोट फिरवलं.

"बावन्न साली हरवली. मी त्याच्या बहिणीवर, पर्लवर, आळ घेतला. पर्ल मरेपर्यंत तिच्याशी बोलले नाही. आणि हा शेजारी बसून तारा छेडत होता."

रॉस्कोने तोंड उघडलं, डेलकडे पाहिलं आणि गार झालेली कॉफी प्यायली.

"बसवू?" एमेटने चिमटा उचलला.

"थांब." तिने हातमोजे काढले आणि गिटारवर वाकली. "ओटिस."

घोडीमागून बारीक सूर उठला.

"ओटिस टिब्स." हा दरडावणीचा आवाज ओटिस जिवंतपणी ओळखून होता. सूर जरा जास्तच थरथरला.

तिने पट्टी पर्समध्ये टाकून खटका लावला. "पेटी गाडीपर्यंत आणून दे."

"आणि टोलेडो?"

"टोलेडो कुठं पळून जात नाही. आधी त्याच्याशी माझं बोलून होऊ दे."

डेलने दार धरलं. रॉस्कोने डोक्यावरची टोपी काढली आणि कुठं ठेवावी ते न सुचून हातातच धरून उभा राहिला.