आधी दगड, मग वाळू

“बाबा, हा मोठा इथेच ठेवायचा ना?” सुनेने दोन्ही हातांनी दगड उचलून विचारलं.

“थांब, आधी वाळू दाब. चांगली ठोकून घे. खालची जागा पक्की केल्याशिवाय दगड बसत नाही,” सासरे म्हणाले आणि डाव्या हाताने माशांच्या टाकीतली वाळू त्यांनी थोपटून दाखवली.

गवंडी होते ते. उभा जन्म भिंती बांधण्यात गेला. मग अर्धांगाचा झटका आला. त्यातून उठले, पण उजवा हात थरथरता राहिला तो राहिलाच. तेव्हापासून मुलाने त्यांना घरात पाहुण्यासारखं ठेवलं होतं. पेला उचलला की “राहू द्या बाबा”, खुर्ची सरकवली की “राहू द्या बाबा”. बिचारा प्रेमानेच म्हणायचा. पण ज्याने इमारतींवर इमारती उभ्या केल्या, त्याला रोज हे ऐकून जीव नकोसा व्हायचा. सुनेच्या मैत्रिणीची बदली झाली आणि तिची टाकी, दगड आणि मासे या घरात आले, तेव्हा सुनेने सरळ त्यांनाच हाक मारली. “दगडाचं काम आहे बाबा, आम्हाला काय कळतंय त्यातलं?” इतकं म्हणायचा अवकाश, सासरे बाह्या सरसावून हजर.

टाकीत छोटासा डोंगर उभा राहिला. मासे सोडले. त्यातला एक केशरी गुबगुबीत मासा उगाचच सगळ्यांच्या अंगावर धावून जायचा. सासऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं ठेकेदार.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत ‘ठक्’ असा आवाज झाला. वरचा दगड घसरून काचेवर आदळला होता. काच फुटली नाही हे नशीबच; पण चांगला लांबलचक ओरखडा उठला.

“तरी मी सांगत होतो!” मुलगा स्वयंपाकघरात सुनेवर चिडला. “बाबांना कशाला गुंतवलंस? काच फुटून कुणाला लागलं असतं म्हणजे? उद्याच देऊन टाकू ही टाकी कुणालातरी.”

त्याने आवाज खाली ठेवला होता, पण घरांच्या भिंती हल्ली किती पातळ असतात हे गवंड्याला कुणी सांगायला हवं? सासऱ्यांनी सगळं ऐकलं. आपण रचलेलं पडलं, हे त्यांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. हात गेला तो गेला, आता डोकंही चाललं की काय? घरात एक काम विश्वासाने मिळालं होतं, तेही आता हातचं जाणार होतं. ते टाकीसमोर खुर्ची ओढून नुसते बसून राहिले.

बराच वेळ गेला आणि एकाएकी ते मोठ्याने हसले. सून धावत आली.

“हा बघ चोर! माझा पाया उकरतोय लेकाचा!”

ठेकेदार दगडाच्या बुडाशी तोंड खुपसत होता, तोंडभर वाळू उचलून पलीकडे थुंकत होता आणि पुन्हा कामाला लागत होता. दगडाखाली चांगला खड्डा झाला होता.

“म्हणजे तुमचं काही चुकलंच नाही,” सून म्हणाली.

“चुकलं तर! बाहेर दाबलेली वाळू दाबलेली राहते. इथे उकरणारा आतच राहतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आता आधी दगड, मग वाळू. पण पोरगा तर टाकी देऊन टाकतोय ना?”

“उद्या म्हणालेत. आजचा दिवस आपलाच आहे. उठा.”

मासे टाकीच्याच पाण्यात, बादलीत गेले. उरलेलं पाणी दुसऱ्या बादल्यांत काढलं, वाळू परातीत. तळाच्या काचेवर सुनेने फोमचा पातळ तुकडा अंथरला. त्यावर सगळ्यांत जड, चपटे दगड, बाजूच्या काचांपासून चार बोटं लांब.

“फिरव. अजून थोडा. सपाट बाजू खाली. आणि मध्ये फट राहू दे, माशांना लपायला नको का?”

दगड बसला की सासरे त्यावर उजवा हात ठेवायचे. चारचौघांत खिशात लपवायचे तोच हात. तो थरथरायचा, त्याखाली दगड डुगडुगला की “काढ, पुन्हा लाव.” जो त्या थरथरीला पुरून उरला, तो ठेकेदाराच्या बापाच्यानेही हलणार नव्हता. हे सुनेच्या लक्षात आलं. मग पुढचा दगड तिने स्वतःच त्या हाताखाली सरकवला. सगळे बसल्यावर शेवटी भोवतीने वाळू सोडली.

मुलगा केव्हाचा दारात उभा होता. तो पुढे आला. वरचा दगड त्याने बोटाने ढकलून पाहिला, मग तळव्याने, मग चांगला जोर लावून. दगड ढिम्म. त्याने बापाकडे पाहिलं, खाली बसून पाण्याची बादली उचलली, आणि उचलल्यावर अडला.

“बाबा, पाणी कुठून ओतू?”

“दगडावर. वाळूवर धार पडता कामा नये.”

मुलाने बादली कलती केली.

“सावकाश म्हटलं की सावकाश,” म्हातारा गरजला. खरं तर आधी तसं म्हटलंच नव्हतं म्हाताऱ्याने.

“हो बाबा,” म्हणत मुलगा आणखी वाकला आणि त्याने धार बारीक केली.