पांढऱ्या गोंड्यांचा जोड

एकवीस मार्च, सकाळचे सात. ओदिनाशोच्या घरात तापमान एकोणीस अंश होते आणि टोपलीत लोकरीचे चौऱ्याऐंशी गोंडे. दोन्ही आकड्यांचा त्याला सारखाच अभिमान होता.

एकोणीस अंशांमागे त्याचे ऑक्टोबरमधले काम होते. वुझदरा या डोंगरातल्या गावी प्रत्येक घराला असतो तसा त्याच्याही घराच्या छताला मधोमध चौकोनी झरोका होता. पूर्वी चुलीचा धूर तिथून बाहेर जाई. आता शेगडीची नळी भिंतीतून बाहेर काढल्यावर तो झरोका, ओदिनाशोच्या मते, घरातली ऊब आभाळाला फुकट वाटण्यापलीकडे काही करत नव्हता. उभा जन्म त्याने नदीवरच्या लहानशा जलविद्युत केंद्रात गळती शोधण्यात घालवला होता. स्वतःच्या डोक्यावरची गळती तो किती दिवस सोसणार? खोरोग शहरातून त्याने दुहेरी काच आणली. रस्ताभर ती रजईत गुंडाळून, आजारी लेकराला घ्यावे तशी मांडीवर घेऊन तो जीपमध्ये बसला होता. कडांना नमद्याची, दाबलेल्या लोकरीची पट्टी लावून, वर स्वतःच्या हाताने मळलेली पुट्टी दाबून त्याने ती अशी बसवली की वाऱ्याचा एक धागाही आत येऊ नये. झरोक्याचे जुने लाकडी झाकण वाया जाऊ नये म्हणून त्याला चार पाय ठोकले आणि त्याचे बैठे मेज केले.

हिवाळाभर गोंडे तयार झाले ते याच मेजावर.

दरवर्षी हे काम त्याची बायको बख्तबेगिम एकटीने करीत असे. यंदा तिच्या बोटांचे सांधे धरले, म्हणून मोजे विणायचे काम मुलीने, सावसनने घेतले आणि गोंड्यांचे ओदिनाशोने. त्याने जुन्या यंत्राच्या खोक्यातला जाड पुठ्ठा काढून त्याच्या चकत्या कापल्या, मधोमध भोक पाडले, दोन चकत्या एकमेकींवर ठेवून त्यांच्यावर लोकर गुंडाळली. भोक बुजत आले की कडेने कात्री फिरवायची, चकत्यांच्या मधून दोरा घालून आवळायचे, आणि चकत्या काढून घेतल्या की फुललेला गोंडा हातात येई. प्रत्येकाला लोकरीचे वेढे सारखे, प्रत्येकाचा घेर सारखा. बख्तबेगिम गोंडा उजेडात धरून बघायची आणि हसायची. खुदाने दोन सफरचंदे कधी सारखी केली नाहीत, म्हणायची, आणि आमच्या घरच्या माणसाने टोपलीभर गोंडे सारखे केले. ओदिनाशोला ही स्तुतीच वाटे.

फेब्रुवारीत एकदा तिने त्याच्यापुढे कोकराची पहिली, न रंगवलेली पांढरी लोकर ठेवली. यातून दोनच करायचे, पण घाई करायची नाही, असे बजावले. कोणासाठी, असे त्याने विचारले. मोज्यांसाठी, एवढेच उत्तर मिळाले. त्याने ते दोन गोंडे दोन दिवस लावून केले.

आणि आता नवरोजचा, नव्या वर्षाचा दिवस उजाडला होता. सतरंज्या झटकून झाल्या होत्या, घराच्या पाचही खांबांवर सावसनने पिठाचे ठसे उमटवले होते, शेगडीवर गव्हाचा आणि मेंढीच्या मांसाचा घाटा रटरटत होता. टोपलीत बाळमोजे होते, लोकरीच्या जाळीत घातलेली रंगीत अंडी होती, अक्रोडांच्या पुरचुंड्या होत्या, आणि प्रत्येकाच्या टोकाला एकेक लाल, पिवळा किंवा हिरवा गोंडा होता. उरलेल्या गोंड्यांची माळ बख्तबेगिम खांबाखांबांना बांधत होती. शेवटची गाठ मारताना तिची नजर वर गेली आणि हात तिथेच थांबले.

“अहो,” ती म्हणाली, “ही काच उघडायची कशी?”

“उघडत नाही ती. उघडली असती तर मग बसवली कशाला?”

बख्तबेगिम हळूच खाली बसली.

नवरोजच्या संध्याकाळी गावातली पोरे छताछतांवरून हिंडतात. झरोक्यातून शेला नाहीतर ओढणी आत सोडतात, आणि घरातली माणसे वर न बघता तिला भेट बांधून देतात. हिवाळाभर त्या काचेखाली तिघांच्या डोळ्यांदेखत गोंडे तयार झाले होते, आणि गोंडे ज्या वाटेने जायचे ती वाटच बंद आहे, हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते.

ओदिनाशोने लगेच तोडगा काढला. पोरांना दारातून बोलवावे, एकेकाच्या हातात भेट द्यावी. काम लवकर उरकेल, शिवाय कोणाला दोनदा मिळणार नाही.

बख्तबेगिमने सावसनला पाण्याला पाठवले. दार लागेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, “पोरांचं जाऊ द्या हो. खुशकदमचं काय करणार?”

खुशकदम हा वरच्या आळीतला तरुण. हिवाळ्यात घाटातला बर्फ हटवायचे यंत्र चालवायचा. इतका भिडस्त, की त्याच्या तोंडात जीभ आहे की नाही याची गावाला अजून खात्री पटली नव्हती. शाळेत शिकवायला जाणाऱ्या सावसनसाठी त्याने दोन हिवाळे शाळेची वाट सगळ्यांआधी मोकळी केली होती. त्याचे बोलणे म्हणायचे तर एवढेच. परवा तो कामासाठी रशियाला निघणार होता, दोन वर्षांसाठी. त्याआधी आज संध्याकाळी तो आपला राखाडी शेला या झरोक्यातून सोडणार होता. शेला रिकामा वर गेला तर नकार, आणि पांढऱ्या गोंड्यांचे मोजे घेऊन वर गेला तर होकार. हे सारे वरच्या आळीतल्या बायकांकडून बख्तबेगिमपर्यंत, आणि तिच्याकडून सावसनपर्यंत केव्हाच पोचले होते. वाटेत फक्त ओदिनाशोला वगळले होते.

“मग दारातून येऊ दे की त्याला,” ओदिनाशो म्हणाला. “मी काय अस्वल आहे?”

“दारातून आला तर त्याला तोंडाने मागावं लागेल आणि तुम्हाला तोंडाने उत्तर द्यावं लागेल. त्यात एखादा शब्द वाकडा गेला, तर दोन घरांनी पाटाचं पाणी जन्मभर कसं वाटून घ्यायचं? झरोक्यातून कोणी कोणाला बघत नाही, म्हणून कोणाची मान खाली जात नाही.” ती त्याच्याकडे वळली. “तुम्ही तरी माझ्या बापाच्या दारातून आला होता का? छतावर तुमचे दात वाजत होते ते खाली चुलीपाशी ऐकू येत होते. माझी आजी म्हणाली, लवकर बांधा गं, हा पोरगा गोठून खाली पडेल.”

 ओदिनाशो काचेखाली उभा राहून वर बघू लागला. चौकटीशेजारी छतात दोन इंची नळी बसवून तिच्यातून शेला घेता येईल, असे त्याने सुचवून पाहिले. बख्तबेगिमने विचारले, की मोजे त्या नळीतून फुंकून वर पाठवायचे का. मग त्याने पुट्टीचे कारण सांगितले. ती थंडीत दगड झाली आहे, ओरबाडायला गेलो तर काच जाईल, आणि अशी काच आता खोरोगलाही मिळायची नाही. शेवटी म्हणाला, संध्याकाळपर्यंत बघू. बघू या शब्दाचा त्याच्या घरात काय अर्थ होतो हे बख्तबेगिमला ठाऊक होते. ती घाटा ढवळायला गेली.

सावसन पाणी घेऊन आली. आईच्या चेहऱ्यावरून तिला काय ते कळले. तिने एकदा वर पाहिले, एकदा वडिलांकडे, आणि चहात मीठ, दूध आणि लोणी घालून त्यांच्यापुढे वाडगा ठेवला. तिने एखादा टोमणा मारला असता तर ओदिनाशोला तो चहा गोड लागला असता.

ऊन डोंगराआड गेले तशी छतावर पावले वाजू लागली. पोरे आली ती काचेवर ओणवी झाली. नाके चपटी करून, तोंडांची वाफ काचेवर सोडत आत बघू लागली. खालून एकूणएक चेहरा ओळखू येत होता, आणि ज्या खेळात कोणी कोणाला बघायचे नसते तो खेळ तिथेच संपला. एका मुलीने आपली ओढणी काचेवर अंथरली, ती आत जात नाही हे पाहून पुन्हा गोळा केली.

“आजोबा,” ती वरून ओरडली, “तुमच्या घराला झाकण लागलंय.”

पोरे हसत पलीकडच्या छताकडे पळाली. खाली टोपली तशीच भरलेली राहिली.

सावसन मेजापाशी बसली होती. तिच्या हातात एक लाल गोंडा होता आणि कात्रीने ती त्याची बाहेर आलेली टोके सारखी करत होती. ओदिनाशोने केलेल्या गोंड्याला बाहेर आलेली टोके नसतात. तरी ती कापत होती.

मग छतावर जड बुटांची पावले आली. पोरांसारखी ती धावत नव्हती; थोडी चालत, थोडी थांबत. झरोक्याच्या कडेशी येऊन ती उभी राहिली. कोणी वाकून पाहिले नाही. राखाडी शेल्याचे टोक काचेवर उतरले, थोडे पुढे सरकले, पुन्हा सरकले, आणि काचेवरच पसरून राहिले. मग कोणीतरी ते हलकेच ओढून घेतले. पावले दूर गेली.

सावसनने मान वर केली नाही. कात्री चालूच होती. अक्रोडाएवढा गोंडा जर्दाळूच्या बीएवढा झाला, मग वाटाण्याएवढा, आणि तिच्या मांडीवर लाल लोकरीचा भुसा साठत गेला.

ओदिनाशोने तो वाटाणा पाहिला आणि उठला.

“रजई धरा,” तो म्हणाला. “झरोक्याखाली. दोघींनी दोन टोकं, आणि डोळे जपा.”

“अहो, काय करताय?”

“जे सकाळी करायचं होतं ते.”

शेगडीवरची उकळती किटली घेऊन तो शिडीने छतावर गेला. आधी त्याने पटाशीने पुट्टी खरवडून पाहिली. त्याचेच काम होते ते. दाद कशाला देईल? गारठलेल्या काचेवर उकळते पाणी ओतू नये, हे त्याने केंद्रातल्या शिकाऊ पोरांना वर्षानुवर्षे शिकवले होते, आणि ते न ऐकणाऱ्याला दिवसभर जिने झाडायला लावले होते. त्याने किटली तिरकी केली. वरची काच कडाड् करून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकली. तिचे तुकडे उचलून खालच्या काचेवर त्याने पटाशीचा दांडा हाणला. तुकडे रजईत पडले आणि घरातली ऊब त्याच्या तोंडावर वाफेसारखी आली, तिच्याबरोबर घाट्याचा वासही.

त्याने चौकटीला चिकटलेली टोके एकेक करून काढली, कडा हाताने चाचपून पाहिल्या, कारण शेला कशात अडकून फाटता कामा नये. मग तो उभा राहिला. खुशकदमला नावाने हाक मारणे रीतीला सोडून झाले असते. म्हणून तो साऱ्या गावाला उद्देशून, केंद्रातले पाणी सोडण्यापूर्वी इशारा देत असे तशा आवाजात ओरडला, “ओदिनाशोचा झरोका उघडा आहे. ज्याला यायचं त्यानं यावं.”

छताछतांवरून ही बातमी पोरांनी पुढे नेली.

तो खाली आला तेव्हा पहिली ओढणी आत लोंबत होती. मग दुसरी, तिसरी. बख्तबेगिम दुखऱ्या बोटांनीही भराभर बांधत होती, सावसन टोपलीतून काढून देत होती, आणि लाल-पिवळे गोंडे उड्या मारत वर जात होते. प्रत्येकानंतर वरून खिदळणे ऐकू येई. टोपलीचा तळ दिसू लागला तेव्हा पोरांचा आवाज ओसरला, आणि जड पावले पुन्हा आली.

राखाडी शेला सावकाश खाली उतरला. त्याचे टोक थरथरत होते. वाऱ्याने म्हणावे तर वारा नव्हता. तिघांपैकी कोणीही वर पाहिले नाही.

बख्तबेगिमने पेटीतून मोजे काढले. सावसनने विणलेले, गुडघ्यापर्यंत येतील असे लांब, आणि वरच्या काठाला एकेक पांढरा गोंडा. तिने ते आधी मुलीपुढे धरले. सावसनने त्यांवरून एकदा हात फिरवला आणि मान डोलावली. मग बख्तबेगिमने ते नवऱ्याच्या हातात दिले.

“तुम्ही बांधा. गोंडे तुमच्याच हातचे आहेत, आता मागे कसे फिराल?”

ओदिनाशोने मोजे हातात घेतले. ते दोन दिवस, ती पांढरी लोकर, घाई करू नका असे बजावणे, सगळे त्याच्या ध्यानात आले. बायको त्याच्याकडून फेब्रुवारीतच होकार करवून घेऊन मोकळी झाली होती. त्याने सावसनकडे पाहिले. तिच्या ओढणीवर अजून लाल भुसा होता.

“थंडी वाजेल हं आता घरात,” तो तिला म्हणाला.

“मी तुम्हाला मोजे विणून देईन, बाबा.”

“गोंड्यांचे?”

“गोंड्यांचे. पण सगळे वेगवेगळे.”

त्याने शेल्याला गाठ मारली. वर आणखी एक मारली. ओढून पाहिली आणि तिसरी मारली. वरून शेला हलला, थांबला. खालचा माणूस सोडायला तयार नव्हता. बख्तबेगिमने हलकेच त्याच्या मनगटावर चापट मारली, तेव्हा त्याने हात काढून घेतला. दोन पांढरे गोंडे एकमेकांवर आपटत, पिठाचे ठसे असलेल्या खांबाजवळून वर गेले आणि झरोक्यातून दिसेनासे झाले.  मग जड बूट घाटातल्या यंत्रासारखे धडधडत तीन छते ओलांडून गेले. खुशकदम एवढा पळू शकतो हे गावाला त्याच संध्याकाळी कळले.

ओदिनाशोने मेज उलटे केले आणि त्याचे पाय काढायला पक्कड शोधू लागला. झाकण पुन्हा झाकण व्हायला फार वेळ लागणार नव्हता. बख्तबेगिम म्हणाली, राहू द्या आजची रात्र, उशिरा येणारी पोरं आहेत अजून. तिघे शेगडीजवळ बसले, एकाच रजईत, तिच्यातल्या काचा दोनदा झटकून. घाट्याच्या वाडग्यातून वाफ वर जात होती, सरळ झरोक्याकडे. जेवण झाल्यावर ओदिनाशो सवयीने उठला आणि खांबावरचा तापमापक वाचला. सहा अंश.