मान हलली की हाव

दारातच शिपायाने हात आडवा धरला, तेव्हा गुरुपादप्पांनी गळ्यातला पांढरा बँड सोडून खिशात कोंबला.

“काळा कोटपण काढा, साहेब. आज तुम्ही वकील म्हणून न्हाई आलात.”

शिपाई हळूच बोलला होता, तरी बाकावरच्या दोघातिघांनी वळून बघितलंच. उभी हयात मुखेडच्या कोर्टात घालवली आणि लातूरला येऊन कोट काढायची पाळी! तीही वकिलांच्याच शिस्तपालन समितीपुढे. गुरुपादप्पांनी कोट काढून हातावर घेतला. आतल्या शर्टाची विटलेली कॉलर आता सगळ्यांना दिसत होती.

बाकाच्या टोकाला धुरपताबाई बसली होती, त्यांची जुनी अशील. त्यांना बघताच ती नेहमीसारखी उठून उभी राहिली, पदर सावरून तिने हात जोडले.

“जय भीम, साहेब.”

शेजारी बसलेली तिची मुलगी लुंबिनी मात्र उठली नाही. तक्रार तिनेच केली होती.

धुरपताबाईने बापाच्या जमिनीत हिस्सा मागायला सख्ख्या भावावर दावा लावला होता. त्यापायी माहेर तुटलं, भाच्याच्या लग्नाची पत्रिकासुद्धा आली नाही. आणि दावा? तो कधीच खारीज झाला होता. ज्या दिवशी पुकारा झाला, त्या दिवशी गुरुपादप्पा बाररूममध्ये चहा पीत गप्पा हाणत बसले होते. अर्ज देऊन दावा परत उभा करू, असं मनाशीच म्हणाले. आज देऊ, उद्या देऊ करता करता मुदत टळली. मग बाईला सांगायची छाती होईना, म्हणून त्यांनी तिला पुढची तारीख सांगून टाकली. तारीख सांगणं सोपं होतं. ती एसटीने यायची, कोर्टाच्या पायऱ्यांशी कान देऊन बसायची. तिचं नाव काही पुकारलं जायचं नाही. मग हे आतून येऊन म्हणायचे, “न्यायाधीश रजेवर आहेत, मावशी.” कधी म्हणायचे, “समोरच्या वकिलानं मुदत घेतली.” अशी वर्षं गेली. शेवटी लुंबिनीने मोबाइलवर दाव्याचा नंबर टाकून बघितला आणि भांडं फुटलं.

“आईला मी काही सांगितलेलं नाही,” लुंबिनी त्यांच्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली. “तुझ्या केसची चौकशी आहे, एवढंच बोलले. दावा गेला हे ज्यानं लपवलं, त्यानंच सांगावं.”

गुरुपादप्पांची बाजू मांडायला आलेले त्यांचे दोस्त चन्नबसप्पा वकील त्यांना खिडकीपाशी ओढून घेऊन गेले.

“दावा गेल्याचं बाईला तोंडी सांगितलं होतं, एवढंच धरून बसा. जबाबात तेच लिहिलंय. बाई ‘हाव, सांगितलं व्हतं’ म्हणली की तुमची वकिलीची सनद वाचली. न्हाईतर ह्या वयात घरी बसा माशा मारत.”

“ती कशाला हाव म्हणंल?”

“अशिलाला आपण काय शिकवतो, विसरलात का?”

ते कसं विसरतील? दावा लावला त्याच दिवशी त्यांनी धुरपताबाईला बजावलं होतं. कोर्टात काही उमजलं नाही तर माझ्याकडं बघायचं. मी मान हलवली की हाव म्हणायचं, न्हाई हलवली तर गप ऱ्हायचं. जुने वकील असं सांगतातच.

तेवढ्यात शिपायाने दारातून आवाज दिला.

“धुरपताबाई ज्ञानोबा सोनकांबळे, हाजीर?”

“हाय! हाय जी!”

धुरपताबाई धडपडत उठली. चपला दाराशी काढल्या आणि आत जाता जाता गुरुपादप्पांजवळ थांबली. तिचं तोंड नुसतं फुललं होतं.

“साहेब, पुकारलं बघा! लई दिस कान देऊन राहिले व्हते. तुमच्यामुळं नंबर लागला.”

गुरुपादप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते तिच्या मागोमाग आत गेले आणि कोट मांडीवर घेऊन बसले. लुंबिनी आणि चन्नबसप्पाही आत आले.

समितीच्या अध्यक्षबाईंनी कागदावरून प्रश्न वाचला.

“सदरहू दाव्यातील अंतिम आदेशाची तोंडी माहिती सामनेवाले यांनी आपणांस दिली होती काय?”

धुरपताबाईला त्यातलं अक्षर कळलं नाही. शिकवल्याप्रमाणे तिने गुरुपादप्पांकडे बघितलं.

टेबलाखाली चन्नबसप्पांचा बूट पायाला लागला. येताना एसटीत गुरुपादप्पांनी मनाशी ठरवलं होतं की वाट्टेल ते होवो, आज मान हलवायची नाही. पण माणसाचा जीव मोठा चिकट. मान हलली. जराशीच, पण हलली.

“हाव,” धुरपताबाई खणखणीत म्हणाली. “दिली व्हती. साहेब समदं सांगतेत.”

लुंबिनीने तोंडावर हात दाबला. चन्नबसप्पांनी फाइल मिटली. अध्यक्षबाई लिहू लागल्या. गुरुपादप्पांना सुटल्यासारखं वाटलं आणि तसं वाटल्याची इतकी शरम आली की मान वर करवेना.

धुरपताबाई मात्र जागची हलली नाही. काम आटोपलं की ती नेहमी जे विचारायची, तेच तिने सगळ्यांदेखत विचारलं.

“बराबर बोलले न्हवं, साहेब? मग आता पुढची तारीख कवाची? भावाला बी बलवतील का?”

अध्यक्षबाईंचा पेन थांबला. त्यांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे, मग गुरुपादप्पांकडे बघितलं. चन्नबसप्पा खिडकीबाहेर बघू लागले.

गुरुपादप्पा उठले. मांडीवरचा कोट खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही.

“तारीख न्हाई, मावशी. दावा कवाच गेला. माझ्या चुकीनं गेला. मी तुम्हाला सांगितलंच न्हाई.”

धुरपताबाईने लेकीकडे बघितलं. लुंबिनी रडत होती. मग धुरपताबाई हळूहळू परत साहेबांकडे वळली.

“मग मी इतकी वर्सं कशाला येऊन राहिले व्हते, साहेब?”

एवढं विचारून ती थांबली आणि सवयीने त्यांच्या मानेकडे बघत राहिली.