डब्यातले खिळे

लेकीचं चर्चमधलं पहिलंच प्रवचन, म्हणून सुतार पहिल्या बाकावर मान ताठ करून बसला होता. बाळ रडेल म्हणून जावई त्याला घेऊन घरी थांबला होता. व्यासपीठावर उभ्या लेकीच्या मागे भिंतीवर जो भलामोठा लाकडी क्रूस होता, तो सुतारानंच परवा टांगला होता. चौघांनी उचलावा असा जड.

"मूळ ग्रीक शब्द आहे हेलोस," लेक सांगत होती. "म्हणजे खिळा. साधा, घरात असतो तसाच. येशूला क्रुसावर दिलं त्या वर्णनात हा शब्द कुठेच येत नाही. येतो तो नंतर, येशूचा शिष्य थोमा याच्या तोंडी. खिळ्यांचे व्रण बघून त्यात बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही, म्हणतो तो."

लोक माना डोलवत होते. सुताराला तिच्या काळ्या झग्यावर पांढरी भुकटी दिसली. त्यानं वर पाहिलं. क्रुसाचा माथा भिंतीपासून बोटभर सुटला होता.

मंडळींनी चार नवेकोरे बोल्ट आणून दिले होते. पण जुन्या लाकडातून उपटलेले खिळे ठोकून सरळ करायचे आणि डब्यात जपायचे, ही त्याच्या बापापासूनची रीत. नव्या लोखंडात काय दम, म्हणत त्यानं डब्यातलेच चार ठोकले. एकदा वाकलेला खिळा भार आला की पुन्हा तिथेच वाकतो, हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! पण हट्टापुढे शहाणपण चालत नाही.

ओरडावं तर भर सभेत लेकीचा पहिला दिवस मातीत, आणि आपली अब्रूही. वर काहीतरी करकरलं.

"खाली उतर!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मागे कुणीतरी हसलं. लेक लाजेनं लाल झाली. "बाबा, बसा ना. दोनच मिनिटं राहिलीत."

"उतर म्हणतो ना!"

"अहो, पण झालं काय?"

त्यानं क्रुसाकडे बोट केलं. "डब्यातले लावलेत गं मी. चारही."

लेकीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. लहानपणी शाळेतून आली की बापाशेजारी बसून ते खिळे तीच सरळ करायची. हातातले कागद तिथेच टाकून तिनं उडी मारली.

क्रूस खाली आला. ती उभी होती तिथल्या लाकडी मेजाचे दोन तुकडे झाले.

धूळ हळूहळू खाली बसली. लेकीनं सुताराचं मनगट धरलं. मग तिचा चेहरा एकदम पांढराफटक पडला.

"बाबा, आमच्या पाळण्यावर तुम्ही ठोकलेली फळी कुठल्या खिळ्यांवर आहे?"

सुतार दाराकडे धावत सुटला होता.