गळ्यातली वच्छला

तुळसाबाईंनी सुनेच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याची गाठ दातांनी सोडवली आणि दोरा बोटभर सैल करून पुन्हा बांधला. दिवाळीत सैल केलेला दोरा आता पुन्हा मांसात रुतत होता. दोऱ्यात चांदीचा इवलासा टाक होता आणि त्यावर एक बाई कोरलेली होती. ती वच्छला, तुळसाबाईंच्या मुलाची, देवरावची पहिली बायको आणि या सुनेची, शामलाची सख्खी मोठी बहीण. दुसरेपणावर आलेल्या बायकोनं मेलेल्या पहिलीला असं गळ्यात बाळगायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, ताटातला घास आधी तिच्या नावानं काढायचा, ही रीतच होती. शामलानं त्यात कधी कुचराई केली नव्हती. तरीही गळ्यातली वच्छला आवळतच चालली होती.

"दुखते काय वं?"

"नाही, आत्याबाई. गिळताना अडकल्यावानी होते."

आवाज घोगरा होता, जड. थेट वच्छलाचा. तुळसाबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. इतवारीच्या गल्लीतून लोक डोक्यावर ओले पंचे टाकून चालले होते आणि शामला गोधडी लपेटून भिंतीला टेकली होती. खाप्याहून लग्न होऊन आली तेव्हा फुंकर मारली तर उडेल अशी पोर. आता पोलक्यांच्या शिवणी उसवून उसवून कापड संपलं होतं. खाणं चिमणीएवढं आणि अंग मात्र सुटत चाललेलं. चेहरा सुजला, भुवया विरळ झाल्या, भाजी निवडता निवडता डोळा लागू लागला. वच्छलाही अशीच होत गेली होती आणि हिवाळ्यातल्या एका सकाळी उठलीच नव्हती.

तेव्हा तुळसाबाई तिची चारचौघींत थट्टा करायच्या. सून बसून खाऊन फुगली म्हणायच्या. अंग उतरावं म्हणून त्यांनी तिचा भात बंद केला, तूप बंद केलं आणि पहाटे उठवून जात्याला बसवलं. 'मले थंडी वाजते, आत्याबाई,' असं ती म्हणाली की, 'काम कर, गरमी येईल,' हे उत्तर तयार असायचं. आता ती जाब विचारायला परत आली होती, तेही धाकट्या बहिणीच्या अंगात. तुळसाबाईंना यात तिळमात्र शंका नव्हती. शामलालाही घेऊन जाईल, या धास्तीनं त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

म्हणून त्यांनी शामलाची बडदास्त ठेवायला सुरुवात केली. कामं हातातून काढून घेतली. भातावर तूप ओतताना त्या मान खाली घालून पुटपुटायच्या, "खा, माय. पोटभर खा. पण हिले सोड."

बहिणीच्या वाट्याचं तूप शामला निमूट खायची. एकदा मात्र ती म्हणाली, "अक्का रागावली नसंल, आत्याबाई. तिले रागावता कुठं येत होतं?"

त्या दिवसापासून तुळसाबाईंना तिच्याकडे सरळ बघवेना.

मग एके दुपारी ऊब घ्यायला स्टोव्हपाशी बसल्या जागी शामलाला झोप लागली आणि पदर पेटता पेटता वाचला. गिरणीतून आलेल्या देवरावनं करपलेला काठ हातात घेऊन पाहिला.

"एक बायको घालवली आपण," तो आईला म्हणाला. "हिले उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात ने."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी शामलाचा गळा चाचपला, तिला पाणी गिळायला लावलं, घोट्यामागे हातोडी मारून पाय किती सावकाश हलतो ते पाहिलं.

"गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते," त्या म्हणाल्या. "तिचं काम मंदावलं की माणूस न खाता जाड होतो. थंडी वाजते, झोप आवरत नाही. आयोडीन कमी पडलं तरी गळा असा वाढतो. मीठ कोणतं खाता?"

"खड्याचं. माती राहते म्हणून धुऊन घेतो."

"धुऊ नका. आता पाकिटातलं आयोडीनचं मीठ मिळतं, ते आणा. रक्त तपासून घेऊ. आणि रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. माणूस पहिल्यासारखा होतो."

"नुसत्या गोळीनं?"

"रोज घ्यावी लागते. पण हो, गोळीनंच."

तुळसाबाईंनी टेबलाची कड धरली.

"घरात आणखी कोणाला आहे का असं? एका रक्तात असतं बऱ्याचदा. आई, बहीण?"

बोलल्या त्या तुळसाबाई.

"आहे एक. हिची बहीण. माही मोठी सून."

"अशीच सुजलीय?"

"हिच्याहून जास्त."

"मग वाट कसली बघताय? घेऊन या तिला. बरं होण्यासारखं आहे हे."

"आणतो, बाई," तुळसाबाई म्हणाल्या.

बाहेर उन्हानं डोळे दिपले. कडुनिंबाच्या सावलीत आल्यावर शामलानं विचारलं, "अक्का आहे असं काहून सांगितलं, आत्याबाई?"

"मेली म्हटलं असतं तर ते विचारती, कशानं मेली. मी काय सांगू?"

अंगात आलेल्या वच्छलाला तूप वाढता येत होतं, तिच्यापुढे हात जोडता येत होते. आता तुळसाबाईंना कळलं, ती कधी आलीच नव्हती. त्या सगळ्या विनवण्या कोणी ऐकल्याच नव्हत्या.

सायकलरिक्षा मिळाली. तुळसाबाई आधी चढल्या आणि सीटच्या अगदी काठाला, दांडा घट्ट धरून बसल्या.

"अम्मा, अंदर सरको. गिर जाओगी," रिक्षावाला म्हणाला.

त्या हलल्या नाहीत. शामलानं सासूकडे पाहिलं, मग मधल्या रिकाम्या जागेकडे. आपलं जड अंग सावरत ती चढली आणि मधे आणखी एकीपुरती जागा सोडून दुसऱ्या काठाला अंग चोरून बसली. इतवारी येईपर्यंत दोघींपैकी कोणीही आत सरकलं नाही.